राजाची उडी

बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात कशी करावी हे शिकवणारे कोर्स मी एके काळी डोंबिवलीत बसून लिहायचे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. त्यात त्यांची चूक नाही. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या मुलीनं टायपिंग शिकावं, नोकरी धरावी, फार तर गाण्याच्या परीक्षा द्याव्यात. मी टायपिंग शिकले, ठाण्यातल्या एका ऑफिसात नोकरी धरली, आणि गाण्याऐवजी बुद्धिबळ खेळले, कारण कॉलेजच्या टीमला एक मुलगी कमी पडत होती.

आमच्याकडे एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी बुद्धिबळाचा वर्ग भरायचा. गणिताचे एक सर तो चालवायचे. वर्गाला येणारी सगळी मोठी माणसं. बँकेतले, औषधाच्या दुकानातले, दोन शाळामास्तरणी. सोंगट्या कशा चालतात ते सगळ्यांना यायचं, पण पहिल्या दहा चालींतच त्यांचं पानिपत व्हायचं. सर म्हणाले, “तुला खेळता येतं आणि स्टेन्सिलही कापता येतं. यांच्यासाठी सुरुवातीचे डाव लिहून काढ. नीट, धड्याधड्यानं.”

तर मी लिहायला बसले. टाइपरायटरची रिबीन काढून सायक्लोस्टाइलच्या मेणाच्या कागदावर मजकूर उमटवायचा, पटाच्या आकृत्या बोथट टोकाच्या सळईनं कोरायच्या, चुकलं की नेलपॉलिशसारखा गुलाबी द्राव लावून फुंकर मारत बसायचं. पहिल्या धड्यात मी घोडे काढायचा प्रयत्न केला. ते शेळ्यांसारखे दिसायला लागले, तेव्हा चित्रं सोडून अक्षरांवर आले. राजाचा ‘रा’, वजिराचा ‘व’, घोड्याचा ‘घो’.

मजकूर मात्र सगळा उसना होता. सरांकडच्या जाड इंग्रजी पुस्तकांतून मी युरोपातले मोठमोठे डाव उचलायचे, बारा-बारा चालींपर्यंत. पांढऱ्यानं हे केलं की काळा ते करतो, मग पांढरा हे करतो. आमचे विद्यार्थी ते रामरक्षेसारखं पाठ करायचे. औषधाच्या दुकानातले गृहस्थ तर गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देताना मनात चाली म्हणायचे, असं त्यांची बायको सांगायची. मग ते आंबिवलीला एका स्पर्धेत खेळायला गेले आणि पुढच्या शनिवारी तोंड पाडून परत आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“मॅडम, त्या माणसानं तुमचा कोर्स वाचलेला नव्हता,” ते म्हणाले. “दुसऱ्या चालीलाच त्यानं कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. त्याचं उत्तर कुठल्या धड्यात आहे?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कडेचं प्यादं, आणि तेही एकच घर. असं का बरं करेल कोणी? पहिल्या चालीला प्याद्याला दोन घरं जाता येतं, ही तर फुकटची सवलत. ती नाकारणारी माणसं आंबिवलीत कुठून आली?

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट खटकली की भुंगा लागतो. मी आमच्याच विद्यार्थ्यांचे डाव शेजारी बसून टिपायला लागले. आणि दिसायला लागलं की आंबिवलीपर्यंत जायची गरजच नाही. बँकेतले गृहस्थ पाठ केलेल्या चाली संपल्या की पुढची सगळी प्यादी एकेक घरच सरकवायचे. एक मास्तरीणबाई किल्लेकोट करायच्या वेळी राजाकडे हात न्यायच्या, हात हवेत थांबायचा आणि त्या भलतीच चाल खेळायच्या. किल्लेकोट म्हणजे राजा दोन घरं बाजूला सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येऊन उभा राहतो, ती चाल. ती या लोकांना धड्यात यायची, डावात यायची नाही. सर म्हणायचे पालथ्या घड्यावर पाणी आहे. मला तसं वाटेना. घडा पालथा नव्हता, त्यात आधीच काहीतरी भरलेलं होतं.

म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटले. तुम्ही बुद्धिबळ कोणाकडून शिकलात? कोणी म्हणे मामाकडून, अलिबागला. कोणी म्हणे आजोबांकडून, गणपतीत जागरणाला. आणि मग ट्यूब पेटली. ही सगळी माणसं देशी खेळून मोठी झालेली होती.

आता जे देशी कधी खेळले नाहीत त्यांना सांगायला हवं. आपल्याकडे घरोघरी जे बुद्धिबळ चालायचं त्याचे नियम वेगळे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा, तीही त्याला अजून शह बसलेला नसेल तरच. एकदा शह बसला की उडी गेली. आणि जिंकायचं तर प्याद्यानं मात करून. प्यादेमात करणारा आठवडाभर मिरवायचा आणि खाणारा तितकेच दिवस तोंड चुकवायचा.

हे नियम मला कोणाकडून शिकावे लागले नाहीत. आमच्या घरातच त्याचा नमुना बसलेला होता, गॅलरीत, आरामखुर्चीत.

माझे बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्या शेजारच्या लेथवर ठाण्यातल्याच कोपरीचे एक काका काम करायचे. कोळ्यांचे. त्यांचे भाऊ खाडीवर जायचे, हे एकटे कारखान्यात लागलेले. माझ्या लहानपणी बाबा दर रविवारी कोपरीला त्यांच्या घरी देशी खेळायला जायचे. दोघांनी मिळून सोंगट्यासुद्धा स्वतः केल्या होत्या, पितळी भंगाराच्या. काकांनी लेथवर राजे, वजीर, हत्ती, उंट, प्यादी काढली. फिरत्या लेथवर गोलच वस्तू निघते, घोडे निघत नाहीत, म्हणून चारही घोडे बाबांनी कानशीनं घासून घडवले होते. एकाचा कान जरा मोठा झाला होता, त्यावरून काका त्यांना चिडवायचे.

त्या रविवारांची माझी आठवण आहे ती नळाची. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक नळ होता. बाबा कोपरीहून आले की सरळ वर यायचे नाहीत. आधी नळावर थांबून साबणानं हात धुवायचे, चुळांवर चुळा भरायचे, मग खिशातली बडीशेप तोंडात टाकून वर यायचे. आमचं घर चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारं, आणि काकींच्या हातची कोळंबी ठाण्यात प्रसिद्ध. आई गॅलरीत उभी राहून तो नळ ऐकायची. “आली स्वारी,” म्हणायची, आणि आत जाऊन चहा टाकायची. बाबांना त्यावरून ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं की ठाण्याहून आलेल्या माणसाला चूळ भरावीच लागते.

मग कारखान्याच्या क्रीडा समितीनं वार्षिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी घ्यायचं ठरवलं. नोटीस लागली, बाबांनी वाचली, नवे नियम समजूनही घेतले. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती काकांशी. कँटीनमध्ये टेबलाभोवती माणसं जमलेली. बाबांनी सवयीनं राजासमोरचं आणि त्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एकेक घर पुढे केलं, आणि पुढल्या चालीला राजा उचलून त्या घोड्याच्या प्याद्याच्या मागे, मोकळ्या घरात ठेवला. घोड्याची उडी. आयुष्यभर ते तसंच करत आले होते, तिथे राजा अगदी सुरक्षित बसतो.

लोक हसले. बाबांनी ओशाळून राजा परत जागेवर ठेवला आणि दुसरी सोंगटी उचलायला हात पुढे केला. तेव्हा काका म्हणाले, “राजाला हात लागला. राजाच खेलाला लागंल.”

नियम तसाच आहे. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते. राजाला जायला एकच घर होतं, एक पाऊल पुढे, आपल्याच वजिराची आणि उंटाची वाट अडवून. बाबा तसे खेळले आणि काही चालींत संपले. त्या रविवारी ते कोपरीला गेले नाहीत, नंतरच्याही नाहीत. पुढची सगळी वर्षं दोघं शेजारी शेजारी उभे राहून काम करत होते, मापं आणि हत्यारं याखेरीज एक शब्द न बोलता. सोंगट्या काकांकडेच राहिल्या. रविवारचा नळ बंद झाला.

मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी आईकडून कळलं. बाबांना विचारलं तर म्हणायचे, “नवा खेळ मला जमत नाही, बस.” मग रिटायर झाले आणि आरामखुर्चीत बसले ते उठेचनात. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचे, आणि आईनं भाजी चिरायला घेतली की विळीची धार बरोबर नाही म्हणून सांगायचे.

आई एकदा वैतागून मला म्हणाली, “जगाला शिकवत फिरतेस. घरात गिऱ्हाईक बसलंय ते दिसत नाही? तुझा कोर्स चालो न चालो, हा माणूस घराबाहेर निघाला पाहिजे.”

“बाबा शिकतील?”

“शिकायला काही झालं नाही त्यांना. कोपरीला जायचं निमित्त नाहीये फक्त.”

आईचं हे बरोबर होतं, पण खरं सांगते, मी हात घातला तो कनवाळूपणानं कमी आणि कुतूहलानं जास्त. देशी खेळून पक्का झालेला माणूस पटाकडे बघतो तेव्हा त्याला नेमकं काय दिसतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून शिकवायच्या आधी मी बाबांनाच म्हटलं, मला देशी शिकवा.

ते आधी टाळत होते. मग एका संध्याकाळी त्यांनीच प्लॅस्टिकचा पट ओढून घेतला. आणि मला शोध लागत गेले. देशीत पहिल्या दहा-बारा चाली कोणी कोणाच्या वाटेला जातच नाही. दोन्ही बाजू आपापल्या अंगणात घर लावत असतात. प्यादी एकेक घर पुढे सरकवून कुंपण करायचं, उंट-घोडे मागे नीट बसवायचे, राजाला उडी मारून कोपऱ्यात न्यायचं, आणि मग दार उघडायचं. माझ्या उसन्या धड्यांत पहिल्या चालीपासून रस्त्यावर मारामारी होती. या माणसांना तिथे उभं राहवत नव्हतं, इतकंच.

त्याच सुमारास सरांकडच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मला एक तळटीप सापडली. मोठमोठ्या पुस्तकांत ‘इंडियन’ म्हणून जे डाव दिलेले असतात, त्यांना ते नाव पडलं ते एकोणिसाव्या शतकातल्या बंगालच्या एका खेळाडूमुळे. साहेबाशी साहेबाच्या नियमांनी खेळतानाही तो देशी सवयीनं प्यादी एकेक घर सरकवायचा आणि उंट कडेनं काढायचा. साहेबांना त्याची गंमत वाटली, आणि पुढे जगातले उत्तमोत्तम खेळाडू तसंच खेळायला लागले. मी ती तळटीप वाचनालयात उभ्याउभ्याच पुन्हा पुन्हा वाचली. काखेत कळसा असताना मी युरोपला वळसा घालत होते.

मग मी सगळे जुने स्टेन्सिल बाजूला ठेवले आणि नवा कोर्स मांडला. घोडा बाहेर काढायचा, त्याच्या जागेसमोरचं प्यादं एक घर पुढे, उंट त्या प्याद्याच्या मागे बसवायचा, किल्लेकोट करायचा, वजिरापुढचं प्यादं एक घर पुढे. एवढं झालं की घर लागलं. समोरच्यानं काहीही केलं तरी जवळजवळ हेच खेळता येतं, त्यामुळे त्यानं कोर्स वाचलेला नसला तरी बिघडत नाही. दोन घरांची प्याद्याची चाल सबंध सुरुवातीत एकदाच, राजासमोरच्या प्याद्याची, आणि तीही घर लावून झाल्यावर.

बाबांनी आकृती बघितली आणि म्हणाले, “माझ्या राजाच्या जागेत तू उंट बसवलास.”

“आणि राजा त्याच्या मागच्या खोलीत. एकाच घराचा फरक आहे, बाबा. उडी मारून जिथे जायचात, त्याच्या बरोब्बर मागे.”

त्यांनी पट जवळ ओढला. मग किल्लेकोट करून बघितला. राजा आधी, हत्ती नंतर, एकाच हातानं. परत सोंगट्या जागेवर ठेवल्या, परत केला. दोन घरांच्या चालीला मात्र ते अखेरपर्यंत बिचकायचे, डबकं ओलांडताना माणूस धोतर उचलतो तसं प्यादं उचलून अलगद पलीकडे ठेवायचे. पण दोनेक महिन्यांत ते माझ्याशी बऱ्यापैकी लढायला लागले, आणि विळीला धार नसल्याचं आईला कमी ऐकावं लागायला लागलं.

कोपरीचं नाव मात्र काढायची सोय नव्हती. काढलं की ताकास तूर लागू द्यायचे नाहीत, उठून आत जायचे.

माझी कोर्स लिहायची एक पद्धत होती. धडे वर्गाला वाटायच्या आधी मी ते बाहेरच्या कोणावर तरी पारखून घ्यायचे. ज्यानं धडे वाचलेले नाहीत, अशा माणसासमोर आपला विद्यार्थी बसवायचा आणि चाली लिहीत जायच्या. जिथे विद्यार्थी अडखळेल तिथे धडा कच्चा. या कोर्सला असा माणूस हवा होता जो देशीत मुरलेला आहे आणि नव्यातही सरावलेला. असा एकच मला माहीत होता. एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी ठाणा स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले आणि कोपरीत त्यांच्या ओटीवर जाऊन उभी राहिले.

काका जाळ्याची सुतळी ओवत बसले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ते परत हातात घेतलं होतं. मला त्यांनी ओळखलं नाही, काकींनी ओळखलं. मी कोर्सचं सगळं सांगितलं, पारखणीचंही. त्यांनी सुतळी खाली ठेवली नाही.

“त्याना धारलंय तुला, का आपलीच आलीस?” त्यांनी विचारलं.

“आपली आपण आलेय. बाबांना माहीत नाही.”

“नवे नियमानं खेलतो तो?”

“आता खेळतात.”

“मंग हितं घेऊन ये,” काका म्हणाले. “मी तिकरं येनार नाय. मी गेलो तं तो दार लावंल.”

घरी येऊन मी बाबांना सरळ सांगितलं. कोर्स पारखायचाय, काका तयार आहेत, तुम्ही आलात तर होईल, नाहीतर हा कोर्स मला वर्गाला देता येणार नाही. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आई लसूण सोलत असल्यासारखी मान खाली घालून ऐकत होती, आणि तेव्हा चातुर्मास चालू होता, घरात लसूण नव्हताच. मी समजून चुकले की सुंभ जळाला तरी पीळ जळणार नाही.

पण दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी सकाळी ते आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. “चल,” म्हणाले, “तुझा कोर्स पारखून येऊ.”

आईनं फक्त विचारलं, “जेवायला आहात का?”

“बघू,” बाबा म्हणाले.

काकांनी ओटीवर चटई टाकून ठेवली होती आणि पाटावर पट. त्यावर त्या पितळी सोंगट्या, लख्ख घासलेल्या. वापरात नसलेलं पितळ असं राहत नाही. बाबा बसले, आणि पहिल्यांदा त्यांनी मोठ्या कानाचा घोडा उचलून जरा बघितला आणि जागेवर ठेवला. नमस्कार-चमत्कार काही झाले नाहीत. काकी चहा ठेवून दारातच उभ्या राहिल्या. मी कडेला कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण वरकरणी तरी आम्ही माझ्या कोर्ससाठी आलो होतो.

बाबा धड्याप्रमाणे खेळत गेले. घोडा, प्यादं, उंट. काका भराभर खेळत होते, प्यादी दोन दोन घरं टाकत, चांगला सराव असल्यासारखे. बाबांनी किल्लेकोट केला, राजा आधी, हत्ती नंतर, आणि हात मांडीवर ठेवला. काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“बरा शिकलास,” ते म्हणाले. पहिलं वाक्य.

“मुलीनं शिकवलं,” बाबा म्हणाले.

मग काकांनी आपल्या राजाच्या बाजूचं, घोड्यासमोरचं प्यादं उचललं आणि एकच घर पुढे ठेवलं. मी लिहून घेतलं. लिहिताना जरा नवल वाटलं, इतका वेळ हा माणूस दोन घरांखेरीज बोलत नव्हता. बाबांनी वजिरापुढचं प्यादं सरकवलं. आणि काकांनी राजा उचलला, घोड्यासारखा आडवा उडवून त्या प्याद्याच्या मागे मोकळ्या घरात नेला आणि तिथे ठेवून हात काढून घेतला.

काकींच्या हातात रिकामी कपबशी होती, ती वाजायची थांबली. काका पटाकडे बघत होते. राजाला हात लागला होता, त्याची एकच कायदेशीर चाल होती आणि ती खेळली तर डाव संपल्यात जमा होता. बाबांना फक्त ते एक वाक्य म्हणायचं होतं. इतकी वर्षं आरामखुर्चीत बसून त्यांनी ते कितीदा मनात म्हटलं असेल, कोण जाणे. पंच मी होते. मला तोंड उघडायला हवं होतं, पण मी पेन्सिल कागदावर टेकवून बसले होते. मला भीती वाटत होती की ते आता बोलतील, आणि मग आम्ही उठून घरी जाऊ, आणि हे कायमचं संपेल.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“अजून शह लागलेला नाही त्याला,” ते म्हणाले. “उडी आहे.”

बाबा माझ्याकडे वळले. “लिही.”

“काय लिहू?” मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं, ती चाल लिहायची खूणच माझ्याकडे नव्हती.

“राजानं उडी मारली, असं लिही.”

मी तसं लिहिलं. तिथून पुढे माझा कोर्स संपला. ते दोघं कुठल्या नियमांनी खेळत होते, ते त्यांनाच माहीत. काका म्हणाले, मग तुलापण उडी देतो. बाबा म्हणाले, मी किल्लेकोट केलाय, माझी सोय झाली. प्यादं दोन घरं जाणार की एक, यावर मधेच भांडण झालं, आणि ठरलं की ज्याला जसं वाटेल तसं, पण आधी सांगायचं. मोठ्या कानाच्या घोड्यावरून काकांनी एक टोमणा मारला. बाबा म्हणाले, कान मोठा आहे म्हणून तुझ्यापेक्षा त्याला जास्त ऐकू येतं. मी पेन्सिल ठेवून दिली. काकी कधीच आत गेल्या होत्या, आणि आतून फोडणीचा वास येत होता.

शेवटी काकांनी बाबांना हरवलं, आणि तेही प्यादेमात करून. जराही दयामाया दाखवली नाही. वजिरानं सरळ मात होत असताना त्यांनी ती केली नाही, प्यादं एकेक घर सरकवत आणलं आणि बाबांच्या राजाच्या नाकासमोर उभं केलं. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि इतक्या जोरात हसले की शेजारचं कोणीतरी डोकावून गेलं. प्यादेमात खाऊन हसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तो कोर्स पुढे वर्गात चालला, आणि चांगला चालला. घरी शिकून आलेल्या माणसांना त्यात आपलं काहीतरी दिसायचं. औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांनी तर आंबिवलीला जाऊन त्या कडेच्या प्याद्यावाल्याला हरवलं. पण माझ्या डोक्यातला भुंगा वेगळाच होता, आणि तो अजून आहे. निघताना बाबा चपला शोधत होते तेव्हा मी काकांना हळूच विचारलं.

“काका, ती उडी मुद्दाम मारलीत का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सोंगट्या एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. “सवय गो,” ते म्हणाले. “हाताला सवय ऱ्हाते.” आणि मोठ्या कानाचा घोडा त्यांनी फडक्यात न ठेवता बाबांच्या हातात दिला. पुढल्या रविवारी परत आण म्हणाले.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बिल्डिंगच्या दारात आल्यावर बाबा म्हणाले, “तू हो पुढे, मी आलोच.” मी जिना चढून वर गेले. आई गॅलरीत उभी होती. तिला सांगायला माझ्याकडे खूप काही होतं, उडीचं, प्यादेमातीचं, घोड्याचं, आणि मी सुरुवात करणार इतक्यात तिनं हात वर करून मला थांबवलं.

खाली नळ सुटल्याचा आवाज आला. मग चूळ भरल्याचा, एकदा, दोनदा, पुन्हा.

“आली स्वारी,” आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले आणि चहा टाकायला आत गेली.